लॅब्राडोरचं पिल्लू: मोठं केनेल की घरगुती ब्रीडर? काय बरोबर?

मुलुंडची_माऊ
मंडळी, मुलाचा हट्ट होताच, आता नवराही त्याच्या पार्टीत गेलाय त्यामुळे लॅब आणायचं जवळपास पक्कं. दोन ऑप्शन आहेत. एक, शहराबाहेरचं मोठं केनेल, सात-आठ जातींची पिल्लं कधीही फोन करा रेडी, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर देतात, घरपोच, पण आत येऊन बघायचं नाही म्हणाले, इन्फेक्शन होतं म्हणे. दुसरी बोरिवलीतली एक बाई, दोनच माद्या, वेटिंग, किंमत जास्त, वर मलाच प्रश्न विचारत बसली, दिवसभर घरी कोण असतं, सोसायटीत लिफ्टवरून कटकट होते का, गावाला गेलात तर कोण बघणार. सासूबाई म्हणाल्या तुझं स्थळ बघताना आम्ही पण एवढं विचारलं नव्हतं. तर मोठ्या प्रमाणावर ब्रीडिंग म्हणजे वाईटच असतं का, की हे सगळं जरा ओव्हर आहे?

पक्या_परळ
ताई मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करतो, बैलघोडा हॉस्पिटलच्या जवळच, त्यामुळे दुसरी बाजू रोज बघतो. नवीन पिल्लू आणलं, चार-पाच दिवसांत उलट्या, रक्ताची शी, म्हणजे पार्व्हो, पिल्लांचा जीवघेणा व्हायरस. विकणारा म्हणतो तुमच्याकडे लागलं. अहो लागण झाल्यापासून त्रास दिसायलाच साधारण ३ ते ७ दिवस जातात, म्हणजे बऱ्याचदा ते तिथूनच घेऊन आलेलं असतं. आता इन्फेक्शनचं कारण अगदीच थाप नाही हां, पार्व्हो चपलांवरून पण जातो आणि लहान पिल्लांचे डोस पूर्ण झालेले नसतात. पण मग आईला बाहेर आणून दाखवा की, निदान व्हिडिओ कॉल करा. ज्याला पिल्लं दाखवायची हौस आहे आणि आई दाखवायची नाही त्याच्याकडे त्या आईची काय अवस्था असेल बघा. दर हीटला (माजाला) लावलेली मादी मी बघितलीये, सड लोंबलेले, अंगावर केस नाहीत, आणि फोटोत कधीच नसते ती.

कायदेकानू
२०१७ चे डॉग ब्रीडिंगचे नियम आहेत केंद्राचे. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादी १८ महिन्यांच्या आत लावायची नाही, वर्षातून एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच, ८ वर्षांनंतर बंद, आणि पिल्लू ८ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही. हे बोरिवलीच्या बाईंनाही लागू, दोनच माद्या असल्या म्हणून सुटका नाही. केसीआयच्या कागदाचं म्हणाल तर त्यात वंशावळ कळते, तब्येत नाही. बाकी नियम कागदावर बरे आहेत पण ज्या १९६० च्या कायद्याखाली ते येतात त्यात क्रूरतेला पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. वडापावचे पैसे! इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू दलाल किंवा दुकान विकूच शकत नाही, एकतर ज्याने वाढवलं त्याच्याकडून घ्या नाहीतर शेल्टरमधून. आपल्याकडे तसं झालं तर अर्धे धंदे बसतील.

उलटा_चष्मा
सगळे मोठ्यांच्या मागे लागलेत म्हणून बोलतो. मेरठला आर्मीचं सेंटर आहे, तिथे कुत्र्यांचं ब्रीडिंग चालतं ते काही दोन माद्यांवर नाही. डॉक्टर, जागा, माणसं असतील तर मोठंही नीट करता येतं. उलट मुंबईत आता जो तो 'होम ब्रीड' लिहितो, वन बीएचकेच्या बाल्कनीत मादी बांधलेली आणि पिल्लं भलत्याचीच, हा नुसता दलाल. क्रॉफर्ड मार्केटचा पिंजरा निदान दिसतो तरी. आणि दोष आपला पण आहे, हच मोबाइलच्या जाहिरातीनंतर सगळ्यांना पग पाहिजे होता, आता बर्फातला हस्की पाहिजे, मे महिन्यात मुंबईत हस्की! बिचारा एसीसमोरून हलत नाही. चांगला ब्रीडर हस्की मागायला आलेल्याला परत पाठवतो, तसा एक तरी भेटलाय का कोणाला?

पक्या_परळ
@उलटा_चष्मा मुद्दा बरोबर, माणसं किती आणि कुत्री किती ते बघायचं. चाळीस माद्यांमागे दोन पोरं असतील तर कोण कधी व्यायली हेही कळत नाही. माऊताई, लॅब आहे तर आईबापाच्या कमरेचे एक्सरे काढलेत का विचारा, हिप डिस्प्लेझिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, त्यांच्यात भरपूर. बाईंची किंमत जास्त आहे ती असल्याच गोष्टींची असेल तर महाग नाही.

मुलुंडची_माऊ
केनेलला व्हिडिओ कॉलचं विचारलं. म्हणे आई सध्या पुण्याला आहे 😀 पाच आठवड्यांची पिल्लं इथे आणि आई पुण्याला! ते कॅन्सल. बोरिवलीच्या बाईंनी रविवारी दोन्ही माद्या बघायला बोलावलंय, एक्सरे पण दाखवते म्हणाल्या. फक्त नोंदणीचं विचारलं तर 'अर्ज केलाय' म्हणाल्या.

कायदेकानू
अर्जाची पावती मागा. आणि तारीख बघा त्यावरची.