उन्हात नाही, ओव्हनमध्येच

पॉलिमर क्लेच्या ख्रिसमस चांदण्या गच्चीवर उन्हात वाळवल्या तर चालतील का, असं कुणीतरी विचारलंय. नाही हो! आपल्या जळगावचं मे महिन्यातलं ऊनही त्याला पुरत नाही, डिसेंबरचं तर सोडाच. ही क्ले म्हणजे मुळात पीव्हीसी, एक प्रकारचं प्लास्टिक; ती वाळत नाही, भाजावी लागते. पाकिटावरचं तापमान पाळा, बहुतेक 110 ते 130 अंश सेल्सिअस असतं. ओटीजीच्या (घरच्या छोट्या ओव्हनच्या) बटणावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. चांदणीची पातळ टोकं आधी तपकिरी पडतात, म्हणून वरून फॉइल सैलसर झाका. करपली तर धूर घातक, ओव्हन बंद करून खिडक्या उघडा. दोऱ्याचं भोक भाजण्याआधीच टूथपिकने पाडायचं. आणि खायच्या बट्ट्यांचा ट्रे यासाठी घेऊ नका, वेगळा ठेवा.