कॅथलिक मुलींचं हायस्कूल: फी भरल्यावर पुन्हा देणगी कशासाठी?

वाटसरू

नमस्कार मंडळी. माझी लेक गेल्या वर्षापासून एका कॅथलिक संस्थेच्या मुलींच्या हायस्कूलमध्ये शिकते. आम्ही कॅथलिक नाही. शाळा चांगली वाटली, मुलीलाही आवडली, म्हणून घातलं. फी आम्हाला जड जाते, पण वेळेवर भरतो.

परवा शाळेकडून एक जाड लिफाफा आला. आत मुख्याध्यापिकांचं पत्र, 'वार्षिक निधी'साठी देणगीचं आवाहन, परतीचं पाकीट, आणि मागच्या वर्षीच्या देणगीदारांची चार पानी यादी. खरं सांगते, आधी रागच आला. फी घेता ना? मग हे वर आणखी काय? शिवाय एवढा मोठा चर्च पाठीशी असताना शाळेला आमच्यासारख्यांपुढे हात का पसरावा लागतो? हा पैसा नेमका जातो कुठे? न देणाऱ्यांच्या मुलींकडे वेगळ्या नजरेने बघतात का, ही भीतीही मनात आहे. कुणाला आतली माहिती असेल तर कृपया सांगा.

जुनी_खातेवही

वाटसरूताई, मी अशाच एका शाळेच्या कार्यालयात अकरा वर्षं देणग्यांचा हिशोब सांभाळला. शाळेचं नाव सांगत नाही. पण पावतीपुस्तक माझ्या हातात होतं, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलंय तेच लिहिते. उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात पगारपत्रक तपासायला दिलं होतं. त्यात पाच सिस्टरांची, म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या धर्मभगिनींची, नावं होती. प्रत्येकीपुढे बाकी शिक्षिकांइतकाच पगार मांडलेला. आणि जमेच्या बाजूला, 'सिस्टरांची सेवा' या नावाखाली, त्यातली बरीचशी रक्कम शाळेकडे परत आलेली. मला वाटलं, कुणीतरी एकच रक्कम दोनदा लिहिली. मी पेन्सिलने गोल करून वही त्यांतल्या एका सिस्टरांकडे नेली. त्या तेव्हा सत्तरीच्या असतील. त्यांनी गोल पुसला आणि म्हणाल्या, "चूक नाही बाळ. घर चालण्यापुरतं आम्ही ठेवतो, उरलेलं शाळेचं." घर म्हणजे शाळेमागचा त्यांचा मठ.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या गोलात आहे. या शाळांची फी वर्षानुवर्षं कमी राहिली, कारण शिकवणाऱ्या बायकांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं होतं आणि त्या जवळजवळ फुकट राबत होत्या. शाळेची सगळ्यात मोठी देणगीदार कोण, असं मला विचाराल तर त्या पाच जणी. त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नव्हतं. मी नोकरी सोडली तेव्हा त्यांतली एकच उरली होती, ग्रंथालयात बसायची. बाकीच्यांच्या जागी आलेल्या शिक्षिकांना घरं आहेत, मुलं आहेत, म्हातारे आईवडील आहेत. त्यांना पूर्ण पगार, विमा, निवृत्तीची तजवीज हवी, आणि ती मिळायलाच हवी. म्हणजे शिकवण्याचा खर्च एका पिढीत कितीतरी पटींनी वाढला. एकट्या अमेरिकेत १९६५ साली सुमारे १,८०,००० धर्मभगिनी होत्या. २०१४ पर्यंत त्या ५०,०००च्याही खाली आल्या. ही पोकळी सगळी फीवर टाकली तर फी अशा ठिकाणी जाते, की ज्यांच्यासाठी शाळा काढली त्याच मुली दाराबाहेर राहतात. म्हणून फी खर्चापेक्षा कमी ठेवायची आणि मधली तूट देणग्यांतून भरायची, अशी ही व्यवस्था आहे. पूर्ण फी भरणाऱ्या मुलीवरसुद्धा शाळा फीपेक्षा जास्त खर्च करत असते. हे पालकांना कुणी सांगत नाही, ही शाळांची चूकच म्हणायची.

आता चर्चबद्दल. 'चर्च' ही एकच तिजोरी आहे असा समज बहुतेकांचा असतो, माझाही होता. प्रत्यक्षात अशा कितीतरी शाळा एखाद्या धर्मभगिनी संघाने काढलेल्या असतात आणि त्या संघाचा हिशोब वेगळा, धर्मप्रांताचा, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या भागाचा, वेगळा, रोमचा तर फारच लांब. वरून पैसे येतील असं आमच्याकडे कुणी गृहीत धरलेलं मी पाहिलं नाही. उलट त्या संघाला स्वतःच्याच म्हाताऱ्या सिस्टरांच्या औषधपाण्याची चिंता असायची.

आणि या शाळा पहिल्यापासूनच देणगीवर उभ्या आहेत. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या नॅनो नेगल यांनी १७५०च्या दशकात, कॅथलिकांना शाळा चालवायला कायद्याने बंदी असताना, गरीब मुलींना लपूनछपून शिकवायला सुरुवात केली. काकांकडून वारसा मिळाला तो त्यात घातला. तो पुरेना, तेव्हा श्रीमंत घरची ही बाई रस्त्यावर आणि दुकानांत हात पसरून उभी राहिली. १७७५ मध्ये त्यांनी स्थापलेल्या संघातून पुढे प्रेझेंटेशन सिस्टर्स झाल्या. देणगीचं पत्र लिहायला मला सुरुवातीला फार संकोच वाटायचा. त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा तो गेला.

दुसरी गोष्ट कॅथरिन ड्रेक्सेल यांची. ती मी प्रत्येक नव्या विश्वस्ताला सांगायचे. फिलाडेल्फियातल्या बँकरची ही मुलगी. १८८५ मध्ये वडील वारले तेव्हा मालमत्ता सुमारे १ कोटी ५५ लाख डॉलर. त्यातला दहावा हिस्सा धर्मादाय संस्थांना लगेच गेला, उरलेल्या रकमेचं उत्पन्न तिघी मुलींना आयुष्यभर. कॅथरिननी १८९१ मध्ये स्वतःचा संघ काढला आणि काळ्या व मूळ अमेरिकी मुलांच्या शिक्षणावर हयातीत सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. व्हर्जिनियातल्या रॉक कॅसलला १८९९ मध्ये काळ्या मुलींसाठी निवासी शाळा सुरू केली, ती त्यातलीच. पण वडिलांच्या मृत्युपत्रात अट होती: मुलींना वारस नसेल तर त्यांच्या पश्चात मुद्दल वडिलांनी नेमलेल्या संस्थांना जावी. कॅथरिनचा संघ त्या यादीत असणं शक्यच नव्हतं, कारण १८८५ मध्ये तो जन्मालाच आला नव्हता. १९५५ च्या मार्चमध्ये, ९६व्या वर्षी, त्या गेल्या आणि उत्पन्नाचा तो झरा आटला. साठ-सत्तर वर्षं एकाच घराण्याच्या पैशावर चाललेल्या कामाला त्यानंतर दारोदार नवे देणगीदार शोधावे लागले.

म्हणून मला दोनशे छोट्या देणग्या एका मोठ्या देणगीपेक्षा जास्त भरवशाच्या वाटतात. दोनशेपैकी वीस जणी एखाद्या वर्षी थांबल्या तरी शाळा चालते.

पैसा जातो कुठे, ते आता सांगते, आणि इथे मला जरा चिडून लिहावं लागेल. एके वर्षी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेचं छत गळत होतं. मुली तराजू आणि वीजमापक टेबलाच्या एका कोपऱ्यात ओढून प्रयोग करायच्या आणि मधोमध प्लॅस्टिकची बादली. त्याच वर्षी एका सद्गृहस्थांनी भला मोठा पियानो दिला. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: 'फक्त संगीतासाठी.' देणगीदाराने हेतू ठरवून दिलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. ते कायद्याला धरून नाही, आणि विश्वासालाही नाही. तेव्हा वरच्या मजल्यावर नवा पियानो आणि खाली बादली, असं एक आख्खा पावसाळा चाललं. पियानो वाईट नव्हता, अजूनही मुली त्यावर शिकतात. पण छत दुरुस्त झालं ते 'वार्षिक निधी'तून, म्हणजे तुमच्या पाकिटासारख्या पाकिटांतून. दिवाबत्ती, दुरुस्ती, आजारी शिक्षिकेच्या जागी बदली शिक्षिका, वर्षाच्या मध्यात वडिलांची नोकरी गेलेल्या मुलीची राहिलेली फी, यांच्यावर कुणी आपलं नाव कोरायला मागत नाही. हे सगळं त्या निधीतून निघतं.

कायम ठेवीचंही थोडक्यात सांगते, कारण 'शाळेकडे एवढी ठेव आहे, मग कशाला मागतात' असं लोक म्हणतात. ठेवीची मुद्दल मोडायची नसते. दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्के काढायचे, उरलेलं महागाईला पुरून उरावं म्हणून तसंच वाढू द्यायचं. म्हणजे एका मुलीची फी कायमची भरायची असेल तर त्या फीच्या २० ते २५ पट रक्कम बाजूला ठेवावी लागते. मोठा दिसणारा आकडा असा भागून पाहिला की तीन-चार मुलींपुरताच निघतो.

तुमची शेवटची भीती: आमच्याकडे कुणी दिलं, कुणी नाही, हे माझ्या खोलीबाहेर जात नसे. वर्गशिक्षिकांना तर मुळीच कळत नसे. तुमच्या शाळेत तसंच आहे का, हे कार्यालयात सरळ विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पाचवा_बाक

खातेवहीताई, मी तशाच एका ठेवीवर शिकलेली मुलगी. चार वर्षं माझी जवळजवळ सगळी फी शाळेने सोसली. कुणाच्या पैशातून, ते मला आजही माहीत नाही आणि वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मैत्रिणींसारखाच गणवेश, तशीच वह्या-पुस्तकं, सहलीलाही गेले. आता कमावते आहे आणि दर महिन्याला थोडं थोडं शाळेला पाठवते. रक्कम लहान आहे म्हणून सुरुवातीला लाज वाटायची.

एकच खटकतं. वर्षातून एकदा आम्हाला 'देणगीदारांना आभारपत्र लिहा' म्हणून एका वर्गात बसवायचे. त्या तासाला कोण उठून जातं ते सगळ्यांना दिसायचंच. चौदाव्या वर्षी ते फार बोचतं.

जुनी_खातेवही

पाचवा_बाक, तुम्ही लिहिलंत ते वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही ती पद्धत होती आणि पहिली तीन वर्षं मदत मिळणाऱ्या मुलींची यादी मीच वर्गावर पाठवायचे. एका मुलीने कोरा कागद आणून दिला. रडत नव्हती, नुसती उभी होती. नंतर मी सिस्टरांशी बोलले आणि आम्ही आभारपत्रं सगळ्या मुलींकडून लिहून घ्यायला लागलो. फी कमी पडते ती सगळ्यांचीच, तर आभारही सगळ्यांनी मानावेत. देणगीदारांपैकी एकानेही तक्रार केली नाही.

लहान रकमेची लाज तर अजिबात बाळगू नका. मोठ्या न्यासांकडे मदत मागायला गेलं की ते हमखास विचारतात, तुमच्या माजी विद्यार्थिनींपैकी किती जणी देतात? रक्कम नाही विचारत, डोकी विचारतात. तुमचं एक डोकं आमच्यासाठी फार मोलाचं असायचं.

रोखठोक

माहिती चांगली आहे, पण एक बाजू राहते. जो पैसा देतो तो हुकूमही सोडतो. मुलींच्या शाळेत उद्या एखाद्या बड्या देणगीदाराने सांगितलं की अमुक शिकवा, अमुक शिकवू नका, तर? दुसरं, माझ्या बायकोच्या शाळेला आम्ही आजवर काहीच दिलेलं नाही आणि माझ्या शाळेला दरवर्षी देतो. का, ते मलाही सांगता येणार नाही. तिच्या शाळेकडून कधी पत्रच आलं नाही.

जुनी_खातेवही

रोखठोकदादा, पहिला मुद्दा खरा आहे. हुकूम सोडणारे भेटले. एकांना आपल्या नात्यातल्या मुलीचा प्रवेश देणगीसोबत हवा होता. मुख्याध्यापिकांनी धनादेश परत पाठवला आणि पाठवणीची नोंद मीच केली. पण सांगते, परत पाठवण्याची ताकद त्यांना त्याच दोनशे पाकिटांनी दिली. एकाच्याच जिवावर चालणारी शाळा नाही म्हणू शकत नाही. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा, विश्वस्तांत कोण कोण आहे ते बघा. हे दाखवायला नकार देणाऱ्या शाळेला देणगी देऊ नका.

दुसरा मुद्दा तर आमच्या कामाचा कायमचा घोर. मुली लग्नानंतर आडनाव बदलतात, पत्ता बदलतात आणि आमच्या यादीतून नाहीशा होतात. मुलांच्या शाळांना हा त्रास नाही. वर जोडपं देणगी देतं तेव्हा बहुतेकदा त्याच्याच शाळेला देतं, कारण पत्र त्याच्याच नावाने आलेलं असतं. मी जुन्या हजेरीपटांवरून, लग्नपत्रिकांवरून, मैत्रिणींना फोन करकरून नावं जुळवायचे. अशीच सापडलेल्या एकीने, १९६० च्या तुकडीतल्या, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'शाळेला माझी आठवण आहे हे माहीत नव्हतं.' पुढे त्यांच्या मृत्युपत्रात शाळेचं नाव निघालं. तुमच्या पत्नींचं माहेरचं नाव, तुकडीचं वर्ष आणि सध्याचा पत्ता त्यांच्या शाळेला कळवा. देणगी नंतर.

वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार. राग गेला. लेकीच्या शाळेत अजून एक सिस्टर गणित शिकवतात, त्यांच्या पगाराचा विचार मी कधी केलाच नव्हता. खातेवहीताई, एकच विचारते. मोठी रक्कम आम्हाला जमणार नाही. पाकिटात एक चौकोन आहे, 'देणगीचा हेतू' म्हणून. शिष्यवृत्ती, क्रीडा, कला, इमारत असे पर्याय आहेत. कशावर खूण करू?

जुनी_खातेवही

सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'जिथे गरज असेल तिथे' असं काहीतरी असेल. त्यावर करा. नसेलच, तर चौकोन कोरे ठेवून तेच शब्द हाताने लिहा. कार्यालयात पाकीट उघडणाऱ्या बाईला छत गळतंय की नाही ते माहीत असतं.