वानखेडे आतून बघायचंय, मॅच नसताना सोडतात का?

माहीमची_आई:
माझा मुलगा बारा वर्षांचा, शिवाजी पार्कला नेट्सला जातो. त्याला वानखेडेला आयपीएल दाखवली तर त्याचं अर्धं लक्ष ब्रेकमध्ये लांबलचक दोरी धरून मैदानभर पळणाऱ्या माणसांकडे. ते काय करतायत, पीच कोण बनवतं, रोलर कुठे ठेवतात, घरी येईपर्यंत डोकं खाल्लं माझं. त्याला हे सगळं जवळून दाखवायचंय, जमलं तर ड्रेसिंग रूमपण. ओळख काढून घुसायचं नाहीये, रीतसर काय होतं ते सांगा.

गिरगावकर:
ताई, ड्रेसिंग रूमचा नाद सोडा. मॅचच्या दिवशी तिथे खुद्द खेळाडूंचे मोबाइल आणि स्मार्टवॉच काढून घेतात, फिक्सिंगच्या भानगडी नकोत म्हणून. पण २०२५ मध्ये एमसीएने (मुंबई क्रिकेट असोसिएशन) स्टेडियममध्येच क्रिकेटचं म्युझियम केलंय. आधी एमसीएला फोन करून वेळ विचारा, मगच चर्चगेटला उतरा.

लेगस्पिनर_७७:
म्युझियम बघाच, पण पोराला जे बघायचंय ते रणजीला दिसेल. २०२४ ची मुंबई-विदर्भ फायनल वानखेडेलाच होती आणि एन्ट्री फ्री. खेळ सुरू व्हायच्या तासभर आधी जाऊन बसायचं आणि माळ्यांकडे, म्हणजे ग्राउंड तयार करणाऱ्यांकडे बघायचं. कव्हर काढतात, पीच झाडतात, रोलर फिरवतात, मग क्रीजला चुना मारतात. रोलर हलका फिरवायचा की जड ते बॅटिंग करणाऱ्या टीमचा कॅप्टन सांगतो आणि जास्तीत जास्त सात मिनिटं मिळतात, बस. घड्याळ लावून बघू दे त्याला. वानखेडेची माती लाल, बॉल चांगला उसळतो पण लवकर सुकते आणि मग पीच फुटायला लागतं, त्यामुळे किती पाणी मारायचं आणि कधी थांबायचं हे ज्याला कळतं तो माझ्या मते कुठल्याही कोचइतकाच मोठा माणूस. न्यूझीलंडच्या एजाज पटेलने २०२१ च्या टेस्टमध्ये एका इनिंगला दहाच्या दहा विकेट काढल्या त्या इथेच, आणि तो जन्मलाय पण मुंबईत. जानेवारी २०२५ ला स्टेडियमला ५० वर्षं झाली तेव्हा एमसीएने माळ्यांचा सत्कार केला होता, फार बरं वाटलं होतं वाचून.

ओबी_व्हॅन:
टीव्हीच्या क्रूमध्ये काम केलंय, म्हणून दोरीचं मी सांगतो. रात्री आउटफिल्डवर दंव पडतं, बॉल ओला होतो आणि स्पिनरच्या बोटांतून सुटतो. दोन्ही टोकांना माणसं धरून दोरी गवतावरून ओढत नेतात, पात्यांवरचं पाणी खाली झडतं. दिसायला सोपं आहे पण ती दोरी भिजली की जाम जड होते आणि ब्रेक संपायच्या आत अख्खं ग्राउंड उरकायचं असतं. आणि मुलाला हेही सांगा की मॅच चालते त्यातलं बरंचसं बाहेर उभ्या गाड्यांमधून चालतं, कॅमेऱ्यांच्या केबल तिथे जातात. मे २०२२ ला मुंबई-चेन्नई मॅचला वानखेडेला लाइटचा प्रॉब्लेम झाला तेव्हा सुरुवातीला डीआरएसच (अंपायरचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासायची सोय) नव्हता. चेन्नईच्या कॉनवेला एलबीडब्ल्यू दिला आणि त्याला रिव्ह्यू घेताच आला नाही!!

माहीमची_आई:
बापरे, दोरीचं ऐकून तो उड्या मारतोय. म्हणजे आधी रणजी मग म्युझियम. सकाळी किती लवकर जाऊ दादा, आणि माळ्यांशी बोलू देतील का?

लेगस्पिनर_७७:
साडेआठपर्यंत गेटवर असा. खेळाच्या आधी हाका मारू नका, त्यांची घाई असते. लंचला किंवा खेळ संपल्यावर कोणी कठड्याजवळ आलं तर विचारू दे त्याला, आदराने विचारलं की सांगतात. आणि शेड्यूलमध्ये ग्राउंडचं नाव नीट बघा, मुंबईच्या होम मॅच बीकेसीलाही असतात.