मदत हवी आहे: आईच्या फाटलेल्या कानाच्या पाळीची शस्त्रक्रिया

आईचे वय ६२. चाळीस वर्षे झुबे आणि मोत्याच्या कुड्या वापरून दोन्ही कान ओघळले होते. गेल्या महिन्यात नातवाने झुबा ओढला आणि उजव्या कानाची पाळी पार खालपर्यंत चिरली. तेव्हापासून ती डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही. मला ते बघवत नाही.

प्लास्टिक सर्जनना दाखवले. फक्त कानापुरती भूल, दोन्ही कान एकाच दिवशी, संध्याकाळी घरी. चिरलेल्या कडा आधी थोड्या कापून ताज्या करतात, मगच टाके घालतात, नाहीतर त्या जुळून येत नाहीत. टाके साधारण आठवड्याने काढायचे. नवे भोक तीनेक महिन्यांनी, तेही जुन्या व्रणाच्या बाजूला, कारण व्रणाची जागा कच्ची असते.

आईची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. ती आमच्या मनाने बंद करणार नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवू.

खरी धास्ती वेगळीच आहे. मावशीला कान टोचल्यावर कीलॉइडची, म्हणजे जखमेच्या व्रणावर वाढत जाणारी, गाठ आली होती, आणि ही प्रवृत्ती घराण्यात असते म्हणतात. कुणाच्या घरी असे असूनही शस्त्रक्रिया केली आहे का? नंतर सिलिकॉनची पट्टी, दाब देणारी कर्णभूषणे किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन, यातले काय दिले? किती महिने लक्ष ठेवावे लागले?

आणि एक, आईला कुशीवरच झोपायची सवय आहे. पहिल्या रात्री तुम्ही कशा काढल्यात?