चेन्नईहून विमानाने डिस्कस मासे मागवायचे आहेत : पॅकिंग, प्रवास आणि पोहोचल्यानंतरची काळजी

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. चेन्नईच्या कोळत्तूर भागातील एका ब्रीडरकडून (मासे पैदास करणाऱ्याकडून) तीन इंची डिस्कसची (गोड्या पाण्यातल्या चपट्या, गोल शोभेच्या माशांची) दहा-बारा पिल्ले मागवण्याचा विचार आहे. चेन्नई ते पुणे विमानाने आणि पुण्याहून पुढे माझ्या गाडीने, असा बेत आहे. उड्डाण दोन तासांच्या आतले असले, तरी ब्रीडरच्या शेडमधून निघाल्यापासून माझ्या टाकीत पडेपर्यंत सोळा-अठरा तास सहज जातील असे वाटते.

माझ्या शंका अशा आहेत. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्याचा माशांना त्रास होतो का? एप्रिलच्या उन्हात खोक्यात बर्फ ठेवावा का? मासे कार्गोने न पाठवता मी स्वतः चेन्नईला जाऊन हातातल्या सामानात आणू शकतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माझ्याकडे बोअरचे पाणी आहे, त्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) ८ च्या वर जातो. ब्रीडरचे पाणी ६.५ च्या आसपास आहे. मासे आल्यावर दोन तास थेंब-थेंब पाणी सोडून त्यांना सवय लावावी असे काही जण सांगतात, तर काही जण लगेच टाकीत सोडा म्हणतात. पैशांचा प्रश्न आहेच, पण माझ्या हौसेपायी मुके जीव वाटेत मरू नयेत ही काळजी त्याहून मोठी आहे.

लोहगावकर (पुणे)

मी एअर कार्गोच्या कामात आहे, त्यामुळे विमानाच्या बाजूचे तेवढे सांगतो.

मासे हातातल्या सामानात आणण्याचा विचार सोडून द्यावा. आपल्याकडे केबिनमध्ये पाळीव प्राणी घेणाऱ्या विमान कंपन्या थोड्याच आहेत आणि ती सोय कुत्र्या-मांजरांसाठी असते. अमेरिकेत पारदर्शक डब्यातले जिवंत मासे सुरक्षा तपासणीतून जाऊ देतात, ते वाचून इथेही चालेल असे समजून कुणी विमानतळावर गेले, तर माशांचे हाल दारातच सुरू होतील.

दाबाची धास्ती घेऊ नका. प्रवासी जेट विमानात कार्गोच्या कप्प्यातला दाब केबिनइतकाच असतो, म्हणजे साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. मासे तो सहन करतात. फरक पिशवीला पडतो : आठ हजार फुटांच्या हिशेबाने आतला वायू जवळजवळ एक तृतीयांशाने फुगतो, म्हणून पिशवी ढोलासारखी ताठ भरू नये. बोटाने दाबल्यावर थोडी आत जाईल इतकी सैल ठेवायला ब्रीडरला सांगा. तपासणीतल्या एक्स-रेची मात्रा अगदी अल्प असते, त्याचीही काळजी नको.

तापमानाचे मात्र तसे नाही. कप्पा उबदार ठेवण्याची सोय प्रत्येक विमानात सारखी नसते. बुकिंग ‘जिवंत प्राणी’ म्हणून केले, तर खोके योग्य कप्प्यात जाते, शेजारी कोरडा बर्फ ठेवला जात नाही आणि कोणत्या कप्प्यात जिवंत प्राणी आहेत याची लेखी सूचना वैमानिकाला मिळते. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची जिवंत प्राण्यांसाठी स्वतंत्र नियमावली आहे आणि पॅकिंगचे नियम तिच्यातूनच येतात. चार पैसे वाचवण्यासाठी खोक्यावर ‘अ‍ॅक्वेरियमचे साहित्य’ असे लिहून मासे पाठवणारे विक्रेते असतात. अशा विक्रेत्याकडून मासे घेऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आत जीव आहे हे कुणाला ठाऊकच नसेल, तर ते खोके कुठेही आणि कितीही वेळ पडून राहू शकते.

विमानापेक्षा जमिनीवरचे तास वाईट असतात. विमानात चढवण्याआधी खोकी ट्रॉलीवर उघड्यावर थांबतात, आणि एप्रिलच्या दुपारी तिथली फरशी किती तापते ते तिथे काम करणाऱ्यांनाच ठाऊक. म्हणून रात्रीचे किंवा पहाटेचे थेट उड्डाण घ्या, मध्ये विमान बदलायला लागेल असे घेऊच नका. एअर वेबिलचा (विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीचा) क्रमांक आधी मागवून घ्या आणि विमान उतरण्यापूर्वीच ओळखपत्रासह पुण्याच्या कार्गो टर्मिनलवर हजर राहा.

जलपर्णी (ठाणे)

पॅकिंगबद्दल लिहिते. ब्रीडरला या गोष्टी फोनवर न सांगता लिहून पाठवा.

मासे निघण्यापूर्वी निदान चोवीस तास, शक्य असल्यास दोन दिवस, उपाशी ठेवलेले असावेत. हे ऐकून वाईट वाटते, पण पोट भरलेला मासा पिशवीतच घाण करतो आणि त्याच पाण्यात त्याला पुढचे अठरा तास काढायचे असतात. पिशवीतले पाणी टाकीतले जुने नसावे. त्याच पीएचचे आणि तापमानाचे, क्लोरीन काढलेले ताजे पाणी असावे. पाणी एक तृतीयांश आणि वर शुद्ध ऑक्सिजन दोन तृतीयांश, हे प्रमाण पाळावे. पिशवी आधी दाबून आतली साधी हवा पूर्ण काढतात आणि मगच सिलिंडरची नळी आत घालतात. ही पायरी घाईत राहून जाते, म्हणून मुद्दाम विचारा.

पिशव्या दुहेरी हव्यात आणि दोन्हींच्या मध्ये वर्तमानपत्र हवे. डिस्कसच्या परांचे टोकदार काटे पातळ प्लॅस्टिक टोचून काढतात. खालचे दोन्ही कोपरे चिकटपट्टीने मुडपून गोल केलेले असावेत, नाहीतर लहान मासा कोपऱ्याच्या घडीत अडकून चेंगरतो. तीन इंची पिल्लू शक्यतो एकेका पिशवीत द्यावे. सगळ्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात आडव्या ठेवाव्यात, म्हणजे पाण्याचा जास्त पृष्ठभाग ऑक्सिजनला लागतो. अंधारात मासे शांत राहतात, त्यामुळे कागद गुंडाळल्याचा तोही फायदा होतो.

बर्फाबद्दल : सुटा बर्फ मुळीच नको. फार ऊन असेल तर एक जेल पॅक वर्तमानपत्रात नीट गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. तो पिशवीला टेकता कामा नये. डिस्कसला थंडी सोसत नाही. घरी २८ ते ३० अंशांत राहणाऱ्या या माशांना प्रवासात २६ अंश चालतात, पण त्याखाली जाऊ देऊ नये असे मला वाटते. हिवाळ्यात लोक हातापायांना लावायच्या उष्ण पिशव्या खोक्यात टाकतात. त्यांतल्या लोखंडाच्या पुडीला तापायला हवा लागते, त्यामुळे घट्ट बंद खोक्यात त्या लवकरच गार पडतात.

जलपरीक्षक (नाशिक)

रसायनशास्त्र शिकवण्यात माझ्या नोकरीची सारी वर्षे गेली, म्हणून पीएचच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो. माझ्या मते लांबच्या प्रवासात टिकलेले मासे घरी पोहोचल्यावर मरतात, ते बहुतेक इथेच.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो, त्यामुळे उपाशी ठेवला तरी पिशवीत अमोनिया साठतच जातो. त्याच वेळी श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. ही घसरण माशाच्या पथ्यावर पडते. कमी पीएचला बहुतेक सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप फारसे विषारी नसते. २८ अंश तापमानाला पीएच ७ असताना विषारी अमोनियाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा सहा-सात टक्क्यांवर जातो.

आता अठरा तासांनी आपण पिशवी उघडता. कार्बन डायऑक्साइड उडू लागतो आणि पीएच चढतो. वर आपण ८ पीएचचे बोअरचे पाणी थेंब-थेंब त्यात सोडता, कुणी तर हवेचा दगडही (पंपाची हवा बुडबुड्यांच्या रूपात पाण्यात सोडणारा) लावतो. म्हणजे इतका वेळ निरुपद्रवी राहिलेला अमोनिया मासा अजून त्याच पाण्यात असतानाच विषारी होतो. आपण सवय लावतो आहोत असे आपल्याला वाटते आणि तिकडे माशाचे कल्ले जळत असतात.

म्हणून लांबून आलेली पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, तापमान जुळू द्यावे, आणि मग ती उघडून मासा ताबडतोब जाळीने उचलून स्वच्छ पाण्यात सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

राहिला ६.५ आणि ८ मधला फरक. तो माशाने सोसावा अशी अपेक्षा धरू नका, पाणीच त्याच्या जवळ न्या. वेगळी क्वारंटाइन टाकी आधीच लावा, तिच्यात आरओचे पाणी आपल्या बोअरच्या पाण्यात मिसळून पीएच ७ च्या आसपास आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ब्रीडरच्या पाण्याजवळ आणा, आणि जुन्या टाकीत मुरलेला (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वसलेला) स्पंज फिल्टर तिच्यात हलवा. नंतर दोन-तीन आठवड्यांत थोडे-थोडे पाणी बदलत आपल्या पाण्याकडे यावे.

आणखी एक. पिशवीत मीठ आणि झिओलाइटचे खडे दोन्ही टाकणारे लोक असतात. थोडे मीठ माशाचा ताण कमी करते आणि झिओलाइट अमोनिया धरून ठेवतो, पण मिठाच्या पाण्यात झिओलाइट तो धरलेला अमोनिया पुन्हा सोडू लागतो. दोन्हींपैकी एकच काय ते वापरावे.

समुद्रपक्षी (रत्नागिरी)

जलपरीक्षक यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु थेंबपद्धत सरसकट चुकीची आहे असा अर्थ कुणी काढू नये. गावातल्या दुकानातून तासाभरात आणलेल्या माशाच्या पिशवीत अमोनिया साठलेलाच नसतो. तिथे सावकाश पाणी मिसळणे योग्यच आहे. झिंगे आणि समुद्री अपृष्ठवंशी जीव क्षारतेतला अचानक बदल सोसत नाहीत, त्यांना वेळ द्यावाच लागतो. प्रश्न पिशवी किती तास बंद होती याचा आहे. शंका असेल तर पिशवी उघडल्यावर मासा आधी हलवावा आणि मग राहिलेले पाणी अमोनियाच्या किटने तपासावे; हे किट दोन्ही रूपे मिळून एकूण आकडा दाखवते, म्हणून तो पीएचबरोबरच वाचावा.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. मासे आता क्वारंटाइन टाकी लागल्यावरच मागवीन. ब्रीडरला पीएच, टीडीएस आणि तापमान लिहून मागितले आहे आणि पहाटेच्या थेट उड्डाणाचीही चौकशी केली आहे. एक शेवटची शंका : पुण्यात खोके ताब्यात आल्यावर ते तिथेच उघडून पाहावे का? आणि एखादा मासा आडवा पडलेला दिसला तर काय करावे?

जलपर्णी (ठाणे)

टर्मिनलवर बाहेरून खोके ओले झाले आहे का तेवढे पाहा. ओले नसेल तर झाकण न उघडता एसी लावलेल्या गाडीत, उन्हाच्या काचेपासून दूर ठेवून, सरळ कोल्हापूर गाठा. गळती असेल तरच उघडा आणि त्यासाठी दोन-तीन रिकाम्या पिशव्या, रबर बँड, क्लोरीन काढलेल्या पाण्याचा कॅन आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप गाडीत ठेवा. नव्या पिशवीत तोंडाने हवा फुंकू नका.

घरी खोके उघडताना खोलीतला दिवा मंद ठेवा. डिस्कस काळवंडलेले दिसतील, अंगावरचे उभे पट्टे गडद झालेले असतील आणि एखादा कुशीवर पडलेलाही असेल. कल्ल्याचे झाकण हलते आहे का ते पाहा. हलत असेल तर त्याला इतरांसारखेच टाकीत सोडा, बहुतेक वेळा तो थोड्या वेळाने सरळ होतो. पहिला दिवस खायला काहीही घालू नका आणि टाकीचा दिवा दुसऱ्या दिवशीच लावा.