बंधारा काठोकाठ भरतो, पण फेब्रुवारीतच कोरडा पडतो. उंची वाढवावी का?

काठावरची:
मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पाणीपुरवठ्याचं काम माझ्याकडे असतं. गावाची नळयोजना नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यावर चालते, जॅकवेल (नदीचं पाणी उचलायची विहीर) वरच्या अंगाला आहे. लोकसंख्या ३००० च्या आसपास. नोव्हेंबरात बर्गे, म्हणजे खांबांच्या खाचांत बसवायच्या लोखंडी फळ्या, घातले की फुगवटा (अडलेलं पाणी) दीड किलोमीटर मागे जातो. पात्र सरासरी ४० मीटर रुंद, बंधाऱ्यापाशी पाणी ३ मीटर. एवढं असूनही फेब्रुवारी सरायच्या आत फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड) उघडा पडतो आणि टँकर मागवावा लागतो. टँकर आला की म्हाताऱ्या बायकासुद्धा हंडा घेऊन धावतात, ते मला बघवत नाही.

आता सगळ्यांचं म्हणणं, बंधाऱ्याची उंची दोन फूट वाढवा. ठराव पुढच्या ग्रामसभेत आहे. हात वर करण्याआधी जाणकारांना विचारावं म्हटलं.

निवृत्त_पाटबंधारे:
ताई, मापं दिलीत हे फार बरं केलंत. आधी हिशेब करू.

१५०० मीटर लांबी, ४० रुंदी, ३ खोली. मागे जाताना पाणी उथळ होत जातं म्हणून निम्मं धरायचं, ९०,००० घनमीटर. काठ उतरते असतात, तेव्हा ६०,००० च धरू. म्हणजे ६ कोटी लिटर. माणशी ५५ लिटरने गावाला रोज १ लाख ६५ हजार लागतात. वाटेतली गळती धरून २ लाख म्हणा. ऊन किती खातं? फुगवट्याचं पृष्ठ ६ हेक्टर, दिवसाला ५ मिलिमीटर उडालं तर ३ लाख लिटर. म्हणजे उन्हाचा वाटा गावापेक्षा मोठा. तरी दोन्ही मिळून रोज ५ लाखच, आणि तेवढ्यावर ६ कोटी १२० दिवस पुरतात. त्यात जानेवारीपर्यंत नदीला थोडी धार असतेच. म्हणजे साठा मेपर्यंत जायला हवा. मग उरलेलं पाणी कोण नेतं?

दोघे. एक, काठावरच्या मोटारी. पाच हॉर्सपॉवरची मोटार सेकंदाला ५ लिटर उचलते असं धरलं तर आठ तासांत १ लाख ४४ हजार लिटर. जवळजवळ तुमच्या अख्ख्या गावाचं दिवसाचं पाणी! दुसरी, बर्ग्यांमधली फट. पाण्याखाली २ मीटरवर १ मिलिमीटर रुंद आणि १ मीटर लांब फट असेल तर दिवसाला ३ लाख लिटरच्या वर निघून जातं. अशा दहा फटी असल्या तर भरलेला बंधारा वीस दिवसांत संपेल.

आता उंची वाढवली तर काय होईल? दाब वाढतो, त्याच फटीतून जास्त पाणी जातं. खांब आणि पाया वाढीव दाबासाठी बांधलेले नसतात. आणि परतीचा पाऊस उशिरा आला, बर्गे काढायला वेळ मिळाला नाही, तर नदी बंधाऱ्याला बगल देऊन काठच्या शेतातून वाट काढते. अशी खचलेली जमीन मी पाहिली आहे. ती शेतकऱ्याला परत मिळत नाही. संकल्पचित्र तपासल्याशिवाय या ठरावाला होकार देऊ नका, असं मी कळकळीने सांगतो.

आधी गळती मोजा. वरून येणारी धार थांबली की एका रात्री मोटारी बंद असताना खांबावर संध्याकाळी रंगाने खूण करा, सकाळी परत बघा. रात्री ऊन नाही, उपसा नाही. पातळी १ सेंटिमीटर उतरली तर ६ लाख लिटर गळाले. जॅकवेलचा पंपही तेवढी रात्र बंद ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो.

खाच_बर्गे:
मी बर्गे घालायच्या कामावर असतो. सरांचं बरोबर आहे. रबर सील झिजलं की दोन बर्ग्यांमध्ये पाणी शिट्टी मारतं. खाचेत खडा अडकला तर बर्गा तिरका बसतो. खाच ब्रशने साफ केल्याशिवाय बर्गा सोडायचाच नाही. दोन ओळींच्या खाचा असतील तर मधे चिकण माती ठासून भरा, मुरूम नको.

अजून एक बघा, तळातले बर्गे पावसाळ्याआधी निघतात का? बऱ्याच ठिकाणी वरचे काढतात आणि तळातले गंजून तिथेच राहतात. मग गाळ वाहून जात नाही, वर्षानुवर्षे साचतो. तुमचे ३ मीटर खरंच ३ आहेत का, बांबू टाकून बघा. आणि काढलेले बर्गे मोजून कुलपात ठेवा, भंगारात जातात.

टाकीवरचा:
पाणी कमी झाल्यावर गढूळपणा वाढतो, त्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जास्त खपतं. नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट (पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी) करा, लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली क्लोरीन आलं तर पाणी सोडू नका. फूटव्हॉल्व्ह तळाला टेकू देऊ नका, गाळ ओढतो.

काठावरची:
सगळ्यांचे मनापासून आभार. बांबूचं आजच केलं. बंधाऱ्यापाशी २ मीटरच्या थोडं वर भरलं, बाकी मऊ गाळ. तळातले बर्गे कोणी कधी काढले ते गावात कोणालाच आठवत नाही. रात्रीची शेतीची लाईट पुढच्या आठवड्यात नसते, तेव्हा खूण करणार. मोटारींचं मात्र अवघड आहे, काठावर माझ्या सासऱ्यांचीही आहे.

निवृत्त_पाटबंधारे:
मग पहिलं बोलणं घरातच करा. पिण्यासाठी उपसाबंदी हवी असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव तहसीलदारांकडे लवकर द्या, जानेवारीतच, साठा असताना. गाळाचं काम मे महिन्यात पात्र कोरडं असताना करा, तळातले बर्गे तेव्हाच सुटतील. खूण केलीत की आकडा इथे टाका, गळतीचा हिशेब मी मांडून देतो.