ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गाडीतळावर संध्याकाळचा वर्ग: कसा बसवावा?

प्रश्न – बीएस्सी_दुसरं_वर्ष

आमचं कॉलेज साखर कारखान्यापासून सहा किलोमीटरवर आहे. कारखान्याच्या गाडीतळावर ऊसतोड कामगारांच्या साधारण ऐंशी कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात. बहुतेक कुटुंबं बीड आणि पाथर्डीकडची, काही बंजारा तांड्यावरची. पाच ते चौदा वयाची चाळीसेक मुलं दिसतात. आम्ही चौदा विद्यार्थी आहोत. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सहा ते साडेसात असा वर्ग घ्यायचा विचार आहे. ज्याची जी इयत्ता त्याचं पुस्तक आणि सोबत थोडं इंग्रजी, असं ठरवलंय. आमची सत्र परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपते.

विचारायचं ते हे: परवानगी कुणाची लागते? इयत्तेप्रमाणे गट करायचे की वयाप्रमाणे? तीन-चार महिन्यांत खरंच काही साधतं का? आणि हे तास रासेयोत (राष्ट्रीय सेवा योजनेत) धरले जातात का?

उत्तर १ – शेतकी_गट

आधी तळ कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. गाडी सेंटर म्हणजे बैलगाडीवाले. ते कारखान्याजवळ एकाच जागी हंगामभर राहतात, त्यामुळे तिथे वर्ग चालतो. डोकी सेंटरच्या टोळ्या मात्र ट्रक-ट्रॅक्टरबरोबर उसाच्या फडामागे फिरतात. आज या गावात, पंधरा दिवसांनी पुढच्या. त्यांच्यासाठी रोजचा वर्ग बसवू नका, हातात काही लागणार नाही. तुमच्या वर्णनावरून तुमचा तळ गाडी सेंटरचा दिसतो.

जागा कारखान्याची, म्हणून लेखी परवानगी शेतकी विभागाकडून. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज द्या. त्यात वार, वेळ, जागा, जबाबदार प्राध्यापकाचं नाव आणि स्वयंसेवकांची यादी असू द्या. पण खरी परवानगी मुकादमांची, म्हणजे टोळ्या आणणाऱ्या ठेकेदारांची. एका तळावर चार-पाच मुकादमांच्या टोळ्या असतात. एकालाच भेटून आलात तर बाकीच्यांच्या कोप्यांतली मुलं येणार नाहीत. सगळ्यांना भेटा, आणि उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), तोडणीचा दर, हिशोब हे विषय वर्गात निघणार नाहीत हे स्वतःहून सांगा. तुम्हाला त्या विषयांवर मत असेल, असावंही, पण मुकादमाला नुसता संशय आला तरी दुसऱ्या दिवशी सतरंजी रिकामी दिसेल.

वेळेबद्दल. टोळी पहाटे तीन-चारला फडावर निघते. दुपारनंतर गाड्या भरून येतात आणि कारखान्याच्या वजनकाट्यासमोर नंबराला लागतात. पुरुष तिथेच अडकतो. बाई कोपीवर येऊन पाणी आणि चूल बघते, आणि तेव्हाच तिला मोठी मुलगी हाताशी लागते. म्हणून सहाला सुरू केलंत तर मुलगे येतील, दहा-बारा वर्षांच्या मुली येणार नाहीत. वेळ कोप्यांवर बायकांना विचारून ठरवा, पुरुषांना नाही. बहुतेक ठिकाणी स्वयंपाक उरकल्यावर सात ते सव्वाआठ जमतं. दीड तास ओढू नका. पहाटे उठलेलं मूल सव्वा तासानंतर पेंगतं.

आठवडी बाजाराचा वार सोडा. त्याच सुमारास खर्ची (घरखर्चाचे पैसे) मिळते आणि सगळं घर बाजारात असतं.

जागा ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या रस्त्यापासून आणि बैल बांधतात तिथून लांब हवी. कोप्या पाचट, चटया आणि प्लास्टिकच्या असतात, म्हणून मेणबत्ती किंवा रॉकेलचा दिवा अजिबात नको. चार्जिंगचे तीन-चार दिवे न्या, गटाला एक. खाली आधी ताडपत्री आणि वर सतरंजी. जानेवारीत जमिनीचा गारवा चढला की मुलं उठून शेकोटीकडे जातात.

उत्तर २ – पाटी_पेन्सिल

इयत्ताही नको, वयही नको. वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करा. इयत्तेचं पुस्तक उघडलंत तर पाचवीच्या पटावरची बरीच मुलं दुसरीचा धडा वाचू शकत नाहीत हे पहिल्याच संध्याकाळी कळेल. मग सहावीचा मुलगा लाजून येणं बंद करेल. इंग्रजी तर पूर्ण बाजूला ठेवा.

‘असर’ या शैक्षणिक पाहणीतली वाचन-गणिताची चाचणी वापरा. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. आधी परिच्छेद वाचायला द्यायचा. तीनपेक्षा जास्त चुका न करता, अडखळत शब्द न फोडता वाचला तर गोष्ट द्यायची. परिच्छेद जमला नाही तर शब्द: कुठलेही पाच, त्यातले चार बरोबर हवेत. तेही नाही तर अक्षरं, तोच नियम. अक्षरंही नाहीत ते मूल ‘प्रारंभिक’. गणितातही तसंच: एक ते नऊ अंक ओळख, दोन अंकी संख्या ओळख, हातच्याची दोन अंकी वजाबाकी, तीन अंकीला एक अंकी भागाकार. चाचणी एकेकट्या मुलाची घ्यायची, पण सगळ्यांच्या नजरेसमोर बसून. इतर मुलं मागून उत्तरं सांगतात, म्हणून कागदाचे दोन-तीन नमुने ठेवा.

मग भाषेचे तीन गट: प्रारंभिक आणि अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट. गणिताचे गट वेगळे पडतील. भाषेत मागे असलेला मुलगा हिशोबात पुढे असतो, हे तळावर फार दिसतं.

सव्वा तास असा मोडा: दहा मिनिटं गप्पा किंवा गाणं (उशिरा येणारे तेवढ्यात येऊन बसतात), पस्तीस मिनिटं वाचन-लेखन, पंचवीस मिनिटं गणित, पाच मिनिटं नोंद.

अक्षर गटाला क-ख-ग-घ या क्रमाने शिकवू नका. ज्यांतून लगेच शब्द होतात अशी अक्षरं घ्या: म, क, न, र, ब, ल. दोन दिवसांत ‘मन’, ‘कर’, ‘नरम’ वाचता आलं की मूल टिकतं. मग लगेच काना, त्यानंतर वेलांट्या. पूर्ण बाराखडी तोंडपाठ म्हणणारं मूल ‘कि’ सुटं दाखवलं की ‘क, का, कि’ म्हणत तिथपर्यंत पोचतं. तो पाठांतराचा परिणाम आहे, वाचन नव्हे. भ-म, ध-घ, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात शिकवल्या तर गोंधळ पक्का होतो, मध्ये दहा दिवस जाऊ द्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने सुधारत बसू नका, या टप्प्यावर त्यांनी काही अडत नाही.

शब्द गटासाठी रोज सहा-आठ ओळींचा ठळक अक्षरांतला मजकूर. तुम्ही बोट ठेवून वाचायचं, मग सगळ्यांनी मिळून, मग एकेकाने. शेवटी त्यातले पाच शब्द पाटीवर. मजकूर तुम्हीच लिहा: बैल, काटा, वाढे (उसाचे शेंडे), पाण्याचा टँकर. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, तीही छापून वापरा.

गणितात दशक शिकवायला काड्या लागतात. प्रत्येक गटाला शंभर काड्या आणि दहा रबर. दहाची ‘मोळी’ म्हणा, मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. फक्त फडावरच्या मोळीत ऊस मोजून दहा नसतात, म्हणून ‘आपली मोळी दहाचीच’ हे पहिल्या दिवशी ठरवून टाका. हातचा म्हणजे मोळी सोडून सुट्यांत मिसळणं. ही कृती आठवडाभर हाताने झाल्याशिवाय कागदावर हातचा लिहू देऊ नका. मराठी संख्यावाचनात एकक आधी बोलला जातो, म्हणून ‘सदतीस’ ऐकून मूल ७३ लिहितं, आणि एकोणतीस-एकोणचाळीसला तर हमखास अडखळतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. वाद बाजूला ठेवा, तळावर ती कामाची आहे: आधी ‘तीस सात’ म्हणवून मोळ्या मांडायच्या, मग ‘सदतीस’.

साहित्य, तीस मुलांसाठी: पस्तीस पाट्या, पेन्सिलींचे चार डबे, चारशे काड्या, शंभर-दहा-एकच्या खेळातल्या नोटांचे चार संच, गोष्टींची पातळ चाळीस पुस्तकं. वह्या वाटू नका. कोपीत त्या भिजतात किंवा चुलीत जातात. साहित्य पेटीत ठेवा आणि पेटी रोज परत न्या.

उत्तर ३ – हमी_कार्ड

वरचं सगळं ठीक, पण माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. संध्याकाळचा वर्ग चालू झाला की ‘मुलं शिकतायत’ असं सगळ्यांना वाटू लागतं आणि दिवसाच्या शाळेचा विषय मागे पडतो. तुमच्या चौदांपैकी निदान दोघांनी शिकवूच नये. त्यांनी मुलांना जवळच्या जि. प. शाळेत बसवण्याचं काम करावं.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड आहे. मूळ गावच्या शाळेने ते निघण्यापूर्वी द्यायचं आणि इकडच्या शाळेने त्यावर मुलाला बसवून घ्यायचं. प्रत्यक्षात दिवाळीच्या सुट्टीतच कुटुंबं निघतात आणि कार्ड मागे राहतं. तेव्हा करायचं असं:

कोपीनिहाय यादी करा: मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, मूळ गाव-तालुका, शाळा, इयत्ता, कार्ड आहे की नाही. ही यादी घेऊन इथल्या मुख्याध्यापकांकडे जा, एकत्र द्या, पोच घ्या. केंद्रप्रमुखांनाही प्रत द्या. कार्ड नसलेल्यांच्या मूळ शाळेला मुख्याध्यापकांमार्फत फोन करवा. एक गोष्ट चुकूनही करू नका: मूळ शाळेतून नाव काढून आणायला पालकांना सांगू नका. मार्चमध्ये परत गेल्यावर ते पुन्हा घालताना ऑनलाइन नोंदीचा घोळ होतो आणि मूल दोन्हीकडून सुटतं.

आता खरी अडचण. दहा वर्षांची मुलगी शाळेत जात नाही, कारण तिच्याकडे लहान भाऊ सांभाळायला असतो. तो तीन वर्षांचा झाला असेल तर गावच्या अंगणवाडीत बसू शकतो, मूळ गावी नाव असलं तरी. सेविकेला भेटून तेवढं जमवलं तर एका फेरीत दोन मुलं मार्गी लागतात. त्याहून लहान बाळ असेल तर मात्र कोपीवरच्या आजीशिवाय इलाज नाही. संध्याकाळच्या वर्गात असं बाळ घेऊन मुलगी आली तर तिला परत पाठवू नका. ताडपत्रीच्या कडेला वेगळी सतरंजी आणि बाळांकडे बघायला एक स्वयंसेवक ठेवा.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

मनापासून आभार. दोन शंका उरल्या. आम्ही डिसेंबरच्या मध्यावर सुरू करू शकू, मग एवढ्यात काय पल्ला गाठायचा? आणि बंजारा मुलांतली लहान मुलं मराठीत बोलतच नाहीत, फक्त बघत राहतात.

उत्तर ४ – रासेयो_जुना

पल्ल्याआधी माणसांचं गणित करा. चौदा जण, प्रत्येकाचे आठवड्याला ठरलेले दोन वार, म्हणजे २८ पाळ्या. सहा दिवस वर्ग घेतलात तर रोज चार-पाच जण, त्यातले एक-दोन प्रॅक्टिकलमुळे गळणार. चार दिवस घेतलात तर रोज सात. चारच घ्या. वार बदलू नका, गटही बदलू नका: सोमवारी अक्षर गट घेणारा दर सोमवारी तोच गट घेईल. प्रत्येक गटाची एक नोंदवही पेटीतच राहील. त्यात तीन ओळी: आज काय घेतलं, कोण अडलं, उद्या कुठून सुरू. ही वही नसेल तर प्रत्येक नवा स्वयंसेवक पुन्हा ‘म’पासून सुरू करतो आणि मुलं निमूट गिरवत राहतात.

डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बारा आठवडे. चार दिवस आणि सव्वा तास धरून साठ तास होतात. अक्षर ओळखणारं मूल नियमित आलं तर एवढ्यात सोपा परिच्छेद वाचू शकतं. प्रारंभिक मूल शब्दांपर्यंत आलं तरी चांगलं. हजेरी मात्र निम्मी धरा. शेवटची चाचणी मार्चवर ठेवू नका, फेब्रुवारीच्या अखेरीस उरका. पट्टा कधी पडेल (हंगाम कधी संपेल) ते उसावर ठरतं, आणि पडला की दोन दिवसांत तळ रिकामा होतो.

रासेयोत वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०. हे काम नियमित उपक्रमात बसतं, कार्यक्रम अधिकाऱ्यांची पूर्वमान्यता आणि सहीची हजेरी हवी. सात दिवसांचं विशेष शिबिर वेगळं असतं. ते याच गावात घेतलंत तर यादी, चाचण्या आणि शाळा-अंगणवाडीच्या भेटी त्या आठवड्यात होतात. शिबिरात ‘शिकवण्याचा कार्यक्रम’ करून निघून जाणं मात्र टाळा.

सुरक्षेचे नियम पहिल्या दिवशी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. कोणताही स्वयंसेवक एकट्या मुलाबरोबर आडोशाला बसणार नाही. मुलांना गाडीवर बसवणार नाही. फोन नंबर देणार-घेणार नाही. मुलांचे फोटो काढणार नाही, स्टेटसला तर नाहीच. रोज निदान दोन मुली स्वयंसेवक असतील आणि सगळे एकत्रच निघतील. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर ‘आपापसांत मिटवू’ हा पर्याय नाही: २०१२ च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ ही हेल्पलाइन.

खाऊ वाटायचा मोह आवरा. पहिल्या आठवड्यात बिस्किटं दिलीत तर तिसऱ्या आठवड्यात बिस्किटांसाठी साठ मुलं येतील आणि शिकवायला जागा उरणार नाही.

उत्तर २ – पाटी_पेन्सिल

गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्या मुलांबद्दल: पहिले दोन आठवडे त्यांना मराठीत उत्तर मागू नका. चित्र दाखवा, ती त्यांच्या भाषेत नाव सांगतील, ते नाव तुम्ही देवनागरीत पाटीवर लिहा आणि शेजारी मराठी शब्द लिहा. ‘याडी’ आणि ‘आई’ एकाच पाटीवर आले की मूल तोंड उघडतं. गटात त्याच तांड्यावरचा एक मोठा मुलगा किंवा मुलगी बसवा. ते दुभाषाचं काम आनंदाने करतात आणि त्यांचंही वाचन सुधारतं.

मोठ्या मुलांच्या वजाबाकीसाठी काट्याची वजनपावती उत्तम: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन. पण पावत्या तुम्ही तयार केलेल्या कोऱ्या नमुन्यावरच्या, आकडे काल्पनिक. कुणाच्या घरची खरी पावती वर्गात आली तर ती न वाचता घडी घालून परत द्या, शेतकी_गट यांनी मुकादमांबद्दल लिहिलंय त्याच कारणासाठी.

आणि फेब्रुवारीच्या चाचणीनंतर प्रत्येक मुलाला एक पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड द्या: नाव, वाचनाची पातळी डिसेंबरची आणि आताची, गणिताची तशीच, वर्ग किती दिवस केला, कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही. प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते आईच्या हातात द्या. गावच्या गुरुजींना ते दाखवलं तर मुलाला कुठून पुढे न्यायचं ते कळतं. मोबाइलमध्ये फोटो पाठवून भागत नाही, फोन पुरुषाकडे असतो आणि तो हंगामात दोनदा बदलतो.